रॉयल्टी १५ टक्के, पण कशाच्या?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात सस्क्वेहाना नावाची काउंटी आहे. डोंगरउताराची जमीन, दुधाचा धंदा, निळसर फरशीच्या खाणी आणि शहराकडे निघालेली तरुण मुलं. २००६ च्या आसपास इथल्या शेतकऱ्यांच्या दारात अनोळखी गाड्या थांबू लागल्या. उतरणारा माणूस गोड बोलणारा, हातात छापील करार. तुमच्या जमिनीखाली गॅस असू शकतो, काही वर्षांचं लीज द्या, एकरी २५ डॉलर आत्ता घ्या आणि गॅस निघालाच तर साडेबारा टक्के रॉयल्टी. बऱ्याच जणांनी सही केली. चाऱ्याशिवाय काही न पिकणाऱ्या उताराचे कुणी आयते पैसे देत असेल तर नाही कोण म्हणणार? दोन-तीन वर्षांत त्याच टापूत एकरी पाच हजार डॉलर, शिवाय जास्त टक्क्यांची रॉयल्टी, अशी बोली होऊ लागली. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांच्या एकरी रकमेत दोनशे पटींचा फरक पडला.

ही हकिगत सांगताना सगळे या एकरी रकमेवरच हळहळतात. मला विचाराल तर तो फरक त्यातल्या त्यात बरा, कारण तो निदान दिसतो. करारातली खरी महागडी ओळ वेगळीच असते आणि ती पहिला चेक हातात पडेपर्यंत बहुतेकांना कळत नाही. तिच्याकडे येण्याआधी जमिनीखाली काय आहे आणि ते कुणाचं आहे, हे पाहावं लागेल.

खाली काय आहे

पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, न्यूयॉर्क आणि ओहायो या राज्यांच्या मोठ्या भागाखाली ‘मार्सेलस शेल’ नावाचा काळ्या खडकाचा थर पसरलेला आहे. वय सुमारे ३९ कोटी वर्षं. तेव्हाच्या समुद्राच्या तळाशी गाळ आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष साचले, त्यावर आणखी थर चढले आणि दाब-उष्णतेनं त्याचा गॅस झाला. तो गॅस खडकाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून बसलेला असतो, आपणहून वाहत नाही. जुन्या विंधकांना हा थर माहीत होता. खालच्या दुसऱ्या थराकडे जाताना मार्सेलसमधून गॅसचा भपकारा यायचा आणि थोड्या वेळात थंड व्हायचा, म्हणून कुणी त्याच्या नादी लागत नसे.

२००४ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वॉशिंग्टन काउंटीत रेंज रिसोर्सेस या कंपनीनं टेक्ससमधल्या शेल खडकात चाललेली युक्ती इथे वापरून पाहिली. प्रचंड दाबानं पाणी, वाळू आणि थोडी रसायनं आत सोडायची, खडकाला बारीक भेगा पाडायच्या, वाळूचे कण त्या भेगा उघड्या ठेवतात आणि गॅस वाट काढतो. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. ते जमलं. मग जानेवारी २००८ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचे टेरी एंगेल्डर आणि न्यूयॉर्कच्या फ्रेडोनिया इथले गॅरी लॅश या दोन भूशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की मार्सेलसमध्ये ५०० लाख कोटी घनफूट गॅस असावा आणि त्यातला दहावा हिस्सा जरी निघाला तरी ५० लाख कोटी. त्या काळी अख्खी अमेरिका वर्षाला २३ लाख कोटी घनफुटांच्या आसपास गॅस जाळत होती. आकडा जाहीर झाला आणि लँडमन मंडळींची, म्हणजे कंपन्यांच्या वतीनं करार गोळा करणाऱ्यांची, अक्षरशः झुंबड उडाली. आज गॅस उत्पादनात टेक्ससच्या खालोखाल पेनसिल्व्हेनियाचा क्रमांक आहे, तो या थरामुळे.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं या तंत्रातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक म्हणजे विहीर सरळ खाली दोनेक किलोमीटर जाते आणि मग आडवी वळून पुढे आणखी दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून लांब जाते. एकाच चौथऱ्यावरून अशा अनेक विहिरी वेगवेगळ्या दिशांना काढतात. म्हणजे तुमच्या शेतात कुणी पाऊल न टाकताही तुमच्या खालचा गॅस काढता येतो. दुसरी गोष्ट, शेलच्या विहिरीचा जोर पहिल्या वर्षीच निम्म्याहून अधिक ओसरतो. पुढे ती वीस-तीस वर्षं थोडंथोडं देत राहते, पण पहिल्या सहा महिन्यांचे चेक पाहून ट्रॅक्टर किंवा घरासाठी कर्ज काढणारा माणूस अडचणीत येतो.

आणि पत्र आलं म्हणजे विहीर होणार, असं मुळीच नाही. खाली थर असणं वेगळं आणि तिथे विंधणं परवडणं वेगळं. थर किती जाड, किती खोल, जवळ पाइपलाइन आहे का, गॅस कोरडा की त्यात इथेन-प्रोपेनसारखे विकाऊ घटक आहेत, यावर ते ठरतं. पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्येला असा ‘ओला’ गॅस मिळतो, ईशान्येला कोरडा. काही वेळा कंपनी केवळ प्रतिस्पर्ध्याला आत येऊ द्यायचं नाही म्हणून किंवा सगळे करार गठ्ठ्यानं दुसऱ्या कंपनीला विकायचे म्हणून सह्या गोळा करते. एकही विहीर न होता मुदत संपलेली लीजेस भरपूर आहेत.

जमीन एकाची, पोट दुसऱ्याचं

मराठी वाचकाला इथे पहिला धक्का बसतो. अमेरिकेत खासगी जमिनीखालचं तेल, गॅस, कोळसा हे सर्वसाधारणपणे जमीनमालकाच्या मालकीचं असतं, आणि तो ते वरच्या जमिनीपासून वेगळं काढून विकूही शकतो. वरची शेती एकाची, कोळसा दुसऱ्याचा, गॅस तिसऱ्याचा, असे तुकडे कागदोपत्री पडलेले असतात. पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वी शेत घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं ‘खनिजं माझ्याकडे राहतील’ असं खरेदीखतात लिहून ठेवलेलं असू शकतं. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा निदान एक रकाना असतो. तिथे काउंटीच्या कोर्टात बसून एकामागून एक जुनी खरेदीखतं उलगडावी लागतात.

खनिजं या शब्दात गॅस येतो का, यावर पेनसिल्व्हेनियात १८८२ पासून एक ठाम न्यायालयीन नियम आहे. खतात नुसती ‘खनिजं’ राखून ठेवली असतील आणि तेल-वायूचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तेल-वायू राखलेला नाही असं धरायचं. मार्सेलसचा गॅस तर खडकातच अडकलेला, मग तो खनिजच नाही का, असा मुद्दा पुढे वरच्या कोर्टात गेला. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं जुना नियमच कायम ठेवला. त्या एका निकालावर कित्येक कुटुंबांची रॉयल्टी अवलंबून होती.

महाराष्ट्रात हे चित्र उलटं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीतल्या खनिजांचा हक्क राज्य सरकारचा. शेतातला मुरूम विकायचा म्हटला तरी शेतकऱ्यालाच तहसीलमध्ये स्वामित्वधन भरावं लागतं. तेल आणि वायू १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याखाली येतात. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते, समुद्रातल्यांची केंद्राच्या. १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हाय तर किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत समुद्रात, तिथे शेतकऱ्याचा प्रश्नच आला नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याचा गॅसशी संबंध येतो तो पाइपलाइनमधून. दाभोळ-बंगळुरू किंवा मुंबई-नागपूर-झारसुगुडा अशा वाहिन्या शेतांतून जातात तेव्हा १९६२ च्या कायद्यानुसार जमीन तुमचीच राहते, कंपनी फक्त वापराचा हक्क घेते. त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला आणि पिकाची नुकसानभरपाई मिळते. बदल्यात त्यावर घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. वाटाघाटीला जागा जवळपास नाही. पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याकडे ती आहे, आणि सगळी गुंतागुंतही त्यातूनच जन्मते.

करार नावाचं प्रकरण

लीजच्या करारात शेतकऱ्याला मिळणारी पहिली रक्कम म्हणजे सहीच्या वेळचा एकरी बोनस. तो एकदाच मिळतो, विहीर होवो न होवो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन सौदा केला की तो वाढतो. ईशान्य पेनसिल्व्हेनिया आणि लगतच्या न्यूयॉर्कमध्ये जमीनमालकांनी हजारो एकरांचे गट बांधून कंपन्यांना एकत्र बोली लावायला लावली. एकट्यादुकट्याला वीस पानी छापील करार ‘घ्या नाहीतर सोडा’ म्हणून मिळतो, गटाला वकील परवडतो.

मुदत हा भाग मात्र सावकाश वाचायला हवा. ‘पाच वर्षांचं लीज’ याचा अर्थ पाच वर्षांत विहीर झाली नाही तर करार संपेल. मात्र विहीर झाली आणि त्यातून गॅस येत राहिला, तर तोच करार पुढे कितीही वर्षं चालतो. नैर्ऋत्य भागात अनेकांना हे उशिरा कळलं. आजोबांनी कधीतरी उथळ विहिरीसाठी सही केलेली, ती विहीर चहाच्या पैशांइतका गॅस देत चाललेली, आणि त्या जोरावर जुन्या दरातला करार जिवंत. मार्सेलसची लाट आली तेव्हा नव्या बोनसचा हक्कच उरला नव्हता.

त्यातलीच आणखी एक मेख. तुमची २०० एकर जमीन लीजवर आहे आणि त्यातली फक्त २० एकर एखाद्या विहिरीच्या क्षेत्रात घेतली. साध्या करारात त्या वीस एकरांच्या उत्पादनावर उरलेली १८० एकरही बांधलेली राहते. ती मोकळी करणारी अट करारात घालता येते. तिला ‘प्यू क्लॉज’ म्हणतात, लुइझियानातल्या एका वकिलाच्या नावावरून. कंपनीच्या छापील मसुद्यात ती सहसा नसते. मागितली तर बऱ्याचदा मिळते.

टक्का कशावर मोजायचा

आता त्या महागड्या ओळीकडे येऊ. पेनसिल्व्हेनियात १९७९ पासून कायदाच आहे की तेल-वायूच्या लीजमध्ये जमीनमालकाला किमान एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के रॉयल्टी दिली पाहिजे. नाहीतर लीज वैध नाही. ऐकायला भक्कम. पण एक अष्टमांश कशाचा, हे कायद्यानं सांगितलंच नाही.

आपल्याकडे वाट्यानं शेत देताना बी कुणाचं, मळणी कुणाची, बाजार समितीपर्यंतचं भाडं कुणाचं, हे बोलल्याशिवाय कुणी निम्म्या वाट्याला होकार देत नाही. गॅसच्या करारात नेमकं हेच बोलणं राहून गेलं. विहिरीच्या तोंडाशी आलेला गॅस तसाच विकला जात नाही. तो गोळा करून आणायचा, त्यातलं पाणी काढायचं, दाब वाढवायचा आणि मोठ्या वाहिनीतून गिऱ्हाइकापर्यंत न्यायचा. या प्रत्येक टप्प्याला खर्च येतो. कंपन्यांचं म्हणणं, रॉयल्टी विहिरीच्या तोंडाशी असलेल्या किमतीवर द्यायची. तिथे बाजार नाही, म्हणून शेवटच्या विक्रीच्या भावातून मधला खर्च वजा करायचा आणि उरलेल्यावर टक्का काढायचा. जमीनमालक म्हणाले, असं केल्यानं आमच्या हातात साडेबाराहून कमी येतं, म्हणजे करारच बेकायदा. हा वाद ‘किल्मर विरुद्ध एलेक्सको’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०१० मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूनं लागला. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर वजावट चालते. त्यानंतर कायदा दुरुस्त करण्याची विधेयकं विधिमंडळात पुन्हा पुन्हा आली आणि तिथेच अडकत राहिली.

वजावटीनं चेकचं काय होतं ते आकड्यांत पाहू. समजा तुमची ६४ एकर जमीन ६४० एकरांच्या एका उत्पादन क्षेत्रात, ज्याला तिथे युनिट म्हणतात, घेतली आहे. म्हणजे तुमचा हिस्सा दहावा. रॉयल्टी १५ टक्के. तेव्हा त्या युनिटच्या कमाईतला दीड टक्का तुमचा. सुरुवातीला युनिटमधून महिन्याला ३० कोटी घनफूट गॅस निघतो. गॅसचा भाव हजार घनफुटांमागे सांगतात, तो ३ डॉलर धरू. महिन्याची विक्री ९ लाख डॉलर, तुमचा चेक १३,५०० डॉलरचा.

आता हजार घनफुटांमागे एक डॉलर वजावट लावा. चेक ९,००० वर आला. भाव ३ वरून २ डॉलरवर घसरला, वजावट मात्र तेवढीच राहिली: ४,५००. भाव एक तृतीयांशानं पडला, तुमचा वाटा निम्म्यानं. त्यात दोनेक वर्षांनी विहिरीचा जोर एक तृतीयांशावर आला की हातात १,५०० डॉलर. कागदावरचे १५ टक्के या सगळ्या प्रवासात जागचे हलले नाहीत.

म्हणून जास्त टक्के म्हणजे चांगला करार, हे समीकरण फसवं आहे. एक कंपनी वजावटीसह १८ टक्के देते, दुसरी वजावटीशिवाय साडेबारा. भाव अडीच डॉलर आणि वजावट एक डॉलर असेल तर पहिल्या करारात हजार घनफुटांमागे २७ सेंट पडतात, दुसऱ्यात ३१. भाव साधारण सव्वातीन डॉलरच्या वर गेला तरच अठरा टक्केवाला जिंकतो. आणि सव्वातीनच्या खाली गॅस किती वर्षं राहिला, ते पुढे येईलच.

वजावट किती असावी यावर शेतकऱ्याचं नियंत्रण नसतं, ही आणखी मोठी अडचण. गॅस वाहून नेणारी पाइपलाइन पुष्कळदा त्याच कंपनीच्या भावकीतली, किंवा तिनंच आधी बांधून मग विकलेली. भाडं ठरवणारे दोन्ही हात ओळखीचे, पैसे तिसऱ्याचे. ब्रॅडफर्ड काउंटीत काही जणांचे चेक वजावटीनंतर इतके रोडावले की गॅस निघतोय आणि रॉयल्टी जवळपास शून्य. डिसेंबर २०१५ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चेसापीक एनर्जी कंपनीवर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दावा लावला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हा कायदा इथे लागू होत नाही. कारण तो विकणाऱ्याच्या लबाडीपासून गिऱ्हाइकाला वाचवतो. लीजच्या व्यवहारात कंपनी ही घेणारी आहे आणि शेतकरी देणारा! कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेलही. पण ज्यानं आयुष्यात एकदाच असा करार केला, त्याच्यासमोर रोज शेकडो करार करणारी कंपनी ‘गिऱ्हाईक’ ठरते, हे पचायला जड जातं.

यावर उपाय करारातच करावा लागतो. रॉयल्टी ‘कोणत्याही वजावटीविना, त्रयस्थ गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीच्या पूर्ण रकमेवर’ मोजली जाईल, असं लिहून घ्यायचं. त्रयस्थ हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर भावकीतल्या कंपनीला स्वस्तात विक्री दाखवता येते. शिवाय हिशेब तपासण्याचा हक्क. आणि एका सोज्वळ दिसणाऱ्या वाक्यापासून सावध राहायचं: ‘वजावट होणार नाही, मात्र विक्रीयोग्य गॅसचं मूल्य वाढवण्यासाठी झालेला खर्च प्रमाणात कापता येईल.’ पहिला अर्धा भाग वाचून माणूस खूश होतो आणि दुसऱ्या अर्ध्यातून सगळी वजावट परत आत शिरते. या वाक्यावरूनही खटले झाले आहेत.

शेजारी, रस्ता आणि पाणी

सही केलीच नाही तर काय? मार्सेलसबाबत पेनसिल्व्हेनियात कुणाला जबरदस्तीनं युनिटमध्ये ओढता येत नाही. त्यामागे गमतीदार कारण आहे. सक्तीनं एकत्र करण्याचा १९६१ चा कायदा ओनोंडागा नावाच्या चुनखडीच्या थरापासून खालच्या गॅसला लागू होतो, आणि मार्सेलस त्याच्या अगदी डोक्यावर बसलेला आहे. मात्र ज्यांनी सही केली आहे त्यांची लगतची लीजेस एकत्र करायला २०१३ च्या कायद्यानं कंपनीला मोकळीक दिली, करारात स्पष्ट मनाई नसेल तर.

सही न करणाऱ्याचा गॅस सुरक्षित राहतो असंही नाही. सस्क्वेहानातल्या एका कुटुंबाची ११ एकर जमीन लीजवर नव्हती, शेजारी विहिरी झाल्या. आमच्या खालचा गॅस फ्रॅकिंगनं ओढून नेला, हे अतिक्रमण आहे, असा दावा त्यांनी केला. जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वाहत शेजाऱ्याकडे गेलेला गॅस काढणाऱ्याचा, हा जुना नियम फ्रॅकिंगलाही लागू आहे. कंपनीच्या भेगा किंवा वाळू-पाणी प्रत्यक्ष तुमच्या हद्दीत शिरली हे सिद्ध केलंत तरच अतिक्रमण. दोन किलोमीटर खोलीवर ते सिद्ध करायला लागणारा खर्च ११ एकरवाल्यानं कुठून आणायचा?

जमिनीच्या वरच्या बाजूचं बोलायचं तर चौथऱ्याला चार-पाच एकर जातात, शिवाय रस्ता, पाण्याचे तलाव, पाइपलाइनचा पट्टा. एका विहिरीच्या फ्रॅकिंगला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागतं आणि ते टँकरनं येत असेल तर गावच्या रस्त्याची दैना ठरलेली. ज्यांना हे नको, ते ‘वरच्या जमिनीला हात न लावता’ असं लीज करू शकतात: खालून गॅस न्या, वर पाऊल नको. ज्यांच्या शेतात चौथरा होतो, त्यांनी त्याचे वेगळे पैसे आणि नेमकी जागा नकाशावर ठरवून घ्यावी. कुठली विहीर कुठे, हे कंपनीच्या सोयीवर सोडलं की ती सपाट, चांगल्या तुकड्यावरच येते.

पिण्याच्या पाण्याबाबत डिमॉक या गावाचं नाव घ्यावंच लागेल. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घरच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्यानं कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीच्या सदोष गॅस विहिरींकडे बोट दाखवलं आणि त्या परिसरात नव्या विहिरींना मनाई केली. कंपनी वर्षानुवर्षं जबाबदारी नाकारत राहिली. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये, कोटेरा या नव्या नावाखाली, तिनं न्यायालयात आरोपाला आव्हान न देण्याची भूमिका घेतली आणि गावासाठी नळपाणी योजनेचे १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर देण्याचं मान्य केलं. गॅस बहुधा फ्रॅकिंगच्या भेगांतून वर येत नाही. विहिरीच्या पोलादी नळ्यांभोवतीचं सिमेंट नीट बसलं नसेल तर त्या फटीतून येतो. त्या भागातल्या काही विहिरींत विंधनाच्या आधीही मिथेन असायचा, त्यामुळे ‘आधीच होता’ हा बचाव कंपनीला सहज मिळतो. म्हणूनच विंधन सुरू होण्याआधी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून पाण्याची तपासणी करून तो कागद जपून ठेवणं हे माझ्या मते करारातल्या कोणत्याही अटीइतकं मोलाचं. २०१२ च्या कायद्यानुसार गॅस विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर कंपनीच दोषी धरली जाते. पाणी आधीपासून खराब होतं हे दाखवण्याचा भार तिच्यावर.

त्याच २०१२ च्या कायद्यानं प्रत्येक विहिरीमागे वार्षिक शुल्क लावलं. तो पैसा काउंट्या, गावं आणि राज्य यांच्यात वाटला जातो. जमीनमालकाच्या चेकशी त्याचा काही संबंध नाही.

भाव आणि सीमारेषा

२००८ मध्ये गॅसचा सरासरी भाव नऊ डॉलरच्या घरात होता. त्या भावाच्या स्वप्नावर हजारो करार झाले. मग शेलमधूनच इतका गॅस आला की २०१२ मध्ये सरासरी तीन डॉलरच्याही खाली गेली आणि २०२० मध्ये दोनवर. हे देशाच्या मुख्य बाजारातले भाव. ईशान्य पेनसिल्व्हेनियात पाइपलाइनी तुंबल्यामुळे स्थानिक भाव त्याहून कमी असायचा. न्यूयॉर्क राज्यातून जाणारी कॉन्स्टिट्यूशन पाइपलाइन ही अडचण सोडवेल अशी आशा होती. २०१६ मध्ये न्यूयॉर्कनं पाण्याशी संबंधित परवाना नाकारला आणि २०२० मध्ये कंपन्यांनी तो नाद सोडला.

न्यूयॉर्कच्या सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांचं दुखणं निराळंच. तिथेही तोच खडक, तसेच पडलेले दुधाचे भाव. २००८ पासून परवानग्या थांबल्या, डिसेंबर २०१४ मध्ये गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांच्या सरकारनं आरोग्याच्या कारणावरून बंदी जाहीर केली आणि २०२० मध्ये तिचा कायदा झाला. त्यांचं पाणी आणि रस्ते वाचले हे खरं, आणि पलीकडे गोठ्याला नवं छप्पर आलेलं त्यांना रोज दिसायचं हेही खरं. डिमॉकच्या एखाद्या घराला विचारलं तर ते या बंदीचा हेवा करेल. सीमेवरच्या कर्जबाजारी दूधवाल्याला विचारलं तर तो उलट बोलेल. मला दोघांपैकी कुणालाही खोटं ठरवता येत नाही.

आता येणारी पत्रं

अलीकडे विजेची मागणी पुन्हा वाढते आहे. पेनसिल्व्हेनियातल्या होमर सिटीचं कोळशावरचं वीज केंद्र २०२३ मध्ये बंद झालं. त्याच जागी डेटा सेंटरसाठी गॅसवर चालणारं साडेचार हजार मेगावॉटचं केंद्र उभारण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. त्याबरोबर रॉयल्टीधारकांच्या पेटीत वेगळ्या प्रकारची पत्रं पडतात. ही लीजची नसतात. तुमचा गॅसचा हक्कच आम्हाला विका, एकरकमी इतके डॉलर देतो. काही पत्रांसोबत चेकसारखा दिसणारा कागदही असतो, पण तो मालकीची तपासणी पटली तरच वटतो, आणि सोबतच्या खतावर सही केली की घेणाऱ्याला शोधाशोधीला वेळ मिळतो.

अशा पत्राला उत्तर देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात असं तिथले वकील सांगतात. गेल्या बारा महिन्यांत रॉयल्टी किती आली; तुमच्या युनिटमध्ये अजून किती विहिरी व्हायच्या बाकी आहेत, कारण विकत घेणारा बहुधा त्यांच्यावरच डोळा ठेवून असतो; आणि खतात ‘सर्व तेल व वायू’ लिहिलंय की फक्त मार्सेलस. त्याच्या खाली काही हजार फुटांवर उटिका नावाचा दुसरा शेल थर आहे. ‘सर्व’ या शब्दात तोही जातो, आणि पत्रातल्या किमतीत त्याचा बहुधा एक सेंटही धरलेला नसतो. हक्काचा फक्त निम्मा भाग विकता येतो, ठरावीक खोलीपर्यंतचाच विकता येतो. छापील खतात तशी जागा नसते, वेगळं लिहून घ्यावं लागतं.